पाच मिनिटांचा हिशेब

१९८७ साली टँडम कंपनीच्या संगणकात एक मेगाबाइट मेमरी वाढवायची तर सुमारे पाच हजार डॉलर मोजावे लागत. म्हणजे किलोबाइटला पाच डॉलर. डिस्कवरची जागा त्या मानाने पुष्कळच स्वस्त होती, पण तिची अडचण वेगळी होती. पंधरा हजार डॉलरची डिस्क सेकंदाला जेमतेम पंधरा वेळा वाचता येई. त्यात प्रोसेसरचा आणि जोडणीचा खर्च धरला, तर ‘सेकंदाला एक वाचन’ एवढी क्षमता विकत घ्यायला दोन हजार डॉलर पडत. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू या टँडममधल्या दोन संशोधकांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं: एखादी नोंद मेमरीत धरून ठेवणं केव्हा परवडतं आणि लागेल तेव्हा डिस्कवरून आणणं केव्हा परवडतं?

उत्तर त्रैराशिकाचं आहे. एक किलोबाइटची नोंद दर सेकंदाला लागत असेल, तर ती मेमरीत ठेवायला पाच डॉलर जातात आणि डिस्कचे दोन हजार वाचतात. दर दहा सेकंदांनी लागत असेल तर दोनशे वाचतात, दर शंभर सेकंदांनी लागत असेल तर वीस. असं करत चारशे सेकंदांवर दोन्ही बाजू सारख्या होतात. त्यांनी ढोबळमानाने याला ‘पाच मिनिटांचा नियम’ म्हटलं: जी नोंद पाच मिनिटांत पुन्हा लागणार आहे ती मेमरीत ठेवा, जी लागणार नाही ती डिस्कवर राहू द्या.

ग्रे यांना पुढे १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो डेटाबेस आणि व्यवहार-प्रक्रियेवरच्या मोठ्या कामासाठी. पण मला त्यांच्या कामातला हा छोटा हिशेब फार मोलाचा वाटतो. ‘मेमरी वेगवान, डिस्क मंद’ हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या वेगाची किंमत किती आणि ती कुठवर मोजावी, हे त्यांनी आकड्यात सांगितलं. १९९७मध्ये ग्रे आणि गोट्झ ग्रेफे यांनी नव्या किमती घालून तोच हिशेब पुन्हा मांडला. २००७मध्ये ग्रेफे यांनी फ्लॅश मेमरी धरून तिसऱ्यांदा मांडला. किमती हजारो पटींनी उतरल्या होत्या, तरी पाच मिनिटांचा आकडा मोडीत निघाला नव्हता. फक्त तो अधिकाधिक मोठ्या आकाराच्या पानांना, म्हणजे डिस्कवरून एकदम आणल्या जाणाऱ्या तुकड्यांना, लागू पडत होता. आणि प्रश्न तर जसाच्या तसा होता. वेब अॅप्लिकेशन लिहिणारा प्रत्येक जण आजही दिवसातून दहादा हाच सौदा करतो. फरक एवढाच, की बहुतेक वेळा तो हिशेब न मांडताच करतो.

आजचे आकडे ढोबळमानाने असे. मेमरीतून एक तुकडा वाचायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. एसएसडीवरून तोच तुकडा आणायला १०० मायक्रोसेकंदांच्या घरात, म्हणजे हजारपट. फिरत्या डिस्कवरून १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. एकाच डेटा सेंटरमधल्या दोन यंत्रांमध्ये निरोप जाऊन उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद. हा शेवटचा आकडा विसरला जातो, आणि वेबच्या दुनियेत तोच सगळ्यात जास्त नडतो.

कारण डेटाबेस काही दर वेळी डिस्कवर जात नाही. त्याचीही स्वतःची मेमरी असते. वारंवार लागणारी पानं तो तिथेच धरून ठेवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये या राखीव जागेचा मूळ आकडा १२८ मेगाबाइट असतो, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्येही १२८ मेगाबाइट. हे आकडे लहानशा यंत्रावरही सॉफ्टवेअर सुरू व्हावं म्हणून ठेवलेले आहेत, धंद्याचा भार वाहण्यासाठी नाहीत. डेटाबेससाठीच घेतलेल्या यंत्रावर एकूण मेमरीच्या पाव भागापासून सुरुवात करा, असं पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेतच सांगितलं आहे. तरीही ६४ गिगाबाइटचं यंत्र भाड्याने घेऊन हा आकडा तसाच सोडलेला दिसतो, आणि मग साइट मंद आहे म्हणून त्यापुढे दुसरं कॅश-सॉफ्टवेअर उभं केलं जातं. आधी आहे ती मेमरी डेटाबेसला वापरू द्यावी. नवीन थर म्हटला की त्याची देखभालही आलीच.

बरं, नोंद डेटाबेसच्या मेमरीत सापडली तरी तिच्यापर्यंत जाण्याची फेरी चुकत नाही. निरोप पाठवायचा, डेटाबेसने क्वेरी वाचायची, कसं शोधायचं ते ठरवायचं, शोधायचं, उत्तर बांधून परत पाठवायचं. म्हणून ‘डेटाबेसवर लोड आलाय’ असं ऑफिसात कुणी म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो: वेबसाइटच्या एका पानामागे किती क्वेऱ्या जातात?

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट आहे. एका पानावर ५० पुस्तकांची यादी आणि प्रत्येक पुस्तकापुढे लेखकाचं नाव. पान साधं, पण क्वेऱ्यांचा लॉग उघडला की दिसतं ते असं: पहिली ओळ, पुस्तकांच्या तक्त्यातून पहिली ५० पुस्तकं द्या. दुसरी ओळ, लेखकांच्या तक्त्यातून १७ क्रमांकाचा लेखक द्या. तिसरी ओळ, ४२ क्रमांकाचा द्या. चौथी ओळ, १७ क्रमांकाचा द्या. पुन्हा १७! कारण यादीत त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आलं. अशा ५० ओळी, एकसारख्या, फक्त शेवटचा आकडा बदलणाऱ्या. महिन्याचा किराणा आणायला मुलाला एकेका जिनसासाठी वाण्याकडे वेगळं धाडावं, तसा हा प्रकार. धंद्यात याला ‘एन प्लस वन’ म्हणतात.

हे कुणी मुद्दाम लिहीत नाही. जँगो, रेल्स, हायबरनेट यांसारखी साधनं डेटाबेसच्या ओळींना प्रोग्रॅममधल्या वस्तूंचं रूप देतात. पुस्तक, टिंब, लेखक, टिंब, नाव एवढं लिहिलं की नाव हजर होतं. वाचायला सुंदर, पण त्या टिंबाआड एक क्वेरी दडलेली असते. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच यंत्रात असतो आणि तक्त्यात चाचणीपुरती दहा पुस्तकं असतात, त्यामुळे काहीच जाणवत नाही. तेच पान लोकांसाठी खुलं झालं आणि एका फेरीला दोन मिलिसेकंद लागले, तर ५१ फेऱ्यांना शंभरावर मिलिसेकंद जातात. सेकंदाला वीस जणांनी पान उघडलं की डेटाबेसवर सेकंदाला हजारावर क्वेऱ्या. लेखकांची नावं दाखवण्यासाठी!

इलाज सोपा आहे. ५० पुस्तकं आली की त्यांच्या लेखकांचे क्रमांक गोळा करायचे आणि ‘या यादीतले सगळे लेखक द्या’ अशी एकच क्वेरी पाठवायची. ५१च्या जागी दोन. वर सांगितलेल्या प्रत्येक साधनात याची सोय आहे, एखादा शब्द जोडावा लागतो एवढंच.

पण हा इलाज हाती लागला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. एकाच क्वेरीत सगळं मागवायचं! पुस्तकं, त्यांचे अभिप्राय आणि त्यांचे विषय, तिन्ही तक्ते जोडून. आता प्रत्येक पुस्तकाला ४० अभिप्राय आणि ६ विषय आहेत असं धरा. खऱ्या नोंदी किती? ५० पुस्तकं, २,००० अभिप्राय, ३०० विषय-जोड्या, मिळून २,३५०. पण तिन्ही एकात जोडले की डेटाबेस प्रत्येक अभिप्रायाची प्रत्येक विषयाशी जोडी लावतो आणि ५० गुणिले ४० गुणिले ६ अशा १२,००० ओळी पाठवतो. एकाच पुस्तकाचा परिचय-मजकूर त्यात २४० वेळा येतो. तो सगळा जाळ्यातून येतो, वेब सर्व्हरच्या मेमरीत उतरतो, आणि मग साधन त्यातले पुनरावृत्तीचे तुकडे गाळत बसतं. क्वेरी एकच झाली खरी, पण ओझं डेटाबेसवरून उचलून मेमरीवर टाकलं गेलं. इथे तीन वेगळ्या क्वेऱ्या बऱ्या. फेऱ्या मोजाव्यात तशा ओळीही मोजाव्यात.

मेमरीचं ओझं सर्वांत वाईट पद्धतीने उघडं पडतं ते अहवालांत. ‘सर्व सभासदांची यादी एक्सेलमध्ये हवी’ अशी मागणी येते. कोडमध्ये एक ओळ: सगळे सभासद आणा. पाचशे सभासद असेपर्यंत हे निर्धोक चालतं. दहा लाख झाले की गणित बदलतं. डेटाबेसमधली दोनशे बाइटची ओळ प्रोग्रॅममधली वस्तू होताना फुगते. एक किलोबाइट धरली तरी दहा लाख ओळींना एक गिगाबाइट लागतो. वेब सर्व्हरवर एकाच वेळी आठ कामगार-प्रोसेस चालू असतात. तिघांनी एकदम हा अहवाल मागितला तर तीन गिगाबाइट. यंत्राची मेमरी संपली की लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतो, आणि त्या यंत्रावर डेटाबेसही चालत असेल तर पाळी त्याच्यावर येऊ शकते. शिवाय एकदा फुगलेली प्रोसेस काम संपल्यावर ती मेमरी यंत्राला परत देईलच असं नाही. पायथनच्या प्रोसेस बऱ्याचदा देत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा मागितला जाणारा अहवाल महिनाभराची मेमरी अडवून बसतो.

अशा कामाला ओळी तुकड्यातुकड्याने आणाव्यात. दोन हजार आणा, फाइलमध्ये लिहा, सोडून द्या, पुढच्या दोन हजार आणा. मेमरीत कधीही दोन हजारांपेक्षा जास्त नसतात. मात्र तुकडे पाडताना ‘पहिल्या नऊ लाख ओळी सोडून पुढच्या दोन हजार द्या’ असं म्हणू नये, कारण डेटाबेसला त्या नऊ लाख ओळी ओलांडूनच जावं लागतं आणि शेवटचे तुकडे पहिल्यापेक्षा कितीतरी सावकाश येतात. ‘मागच्या तुकड्यातल्या शेवटच्या क्रमांकाच्या पुढचे दोन हजार’ असं म्हटलं की इंडेक्सवरून तो थेट तिथे पोचतो. मेमरी वाचवताना डेटाबेसला राबवलं, असं व्हायला नको.

मंद क्वेरी एकट्याचं नुकसान करून थांबत नाही. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेलं एक सूत्र आहे: एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा वेळ. बँकेच्या रांगेला लागू, डेटाबेसलाही लागू. सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक ५० मिलिसेकंद डेटाबेसची जोडणी धरून ठेवते. म्हणजे सरासरी १० जोडण्या गुंतलेल्या. एखाद्या इंडेक्सअभावी तोच वेळ एका सेकंदावर गेला की २०० जोडण्या लागतात. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० जोडण्यांची, आणि प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस, तिची स्वतःची मेमरी. म्हणून गर्दी वाढली की नुसते वेब सर्व्हर वाढवत जाणं अंगाशी येतं. दाराशी माणसं वाढतात, पण आत खोली तेवढीच राहते.

मग वारंवार लागणाऱ्या माहितीचा साठा, म्हणजे कॅश, कुठे करायचा? सुरुवातीला उत्तर होतं, ज्या त्या वेब सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या लाइव्हजर्नल या रोजनिशीच्या साइटवर याची मर्यादा लवकरच लक्षात आली. अनेक यंत्रांवर प्रत्येकी पुष्कळ प्रोसेस, आणि प्रत्येकीच्या पोटात त्याच लोकप्रिय नोंदीची वेगळी प्रत. मेमरी भरपूर, पण बरीचशी पुनरावृत्तीत वाया. शिवाय एका प्रोसेसला कळलेला बदल दुसरीला कळत नसे. अख्खं पान तयार करून ठेवावं तर तेही जमेना. लाइव्हजर्नलवर कोणती नोंद कुणाला दिसावी हे लिहिणारा ठरवत असे, त्यामुळे मित्रांच्या नोंदींचं पान प्रत्येक वाचकाला वेगळं दिसायचं. एकाचं पान दुसऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं.

फिट्झपॅट्रिक यांनी २००३मध्ये काढलेला तोडगा आज जगभर वापरला जातो. निरनिराळ्या यंत्रांवर पडून असलेली मेमरी एकत्र करून तिचा एकच मोठा सामायिक साठा करायचा, आणि त्यात अख्खी पानं न ठेवता सुटे घटक ठेवायचे: एक नोंद, एक वापरकर्ता, एक मित्रयादी. पान बांधताना ते घटक उचलायचे. कोणता घटक कुठल्या यंत्रावर आहे हे त्याच्या नावावरूनच गणिताने ठरतं, म्हणून विचारत फिरावं लागत नाही. या सॉफ्टवेअरचं नाव मेमकॅशडी. पहिली आवृत्ती पर्लमध्ये होती, नंतर अनातोली वोरोबे यांनी ते सी भाषेत लिहिलं. २००४मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी जे आकडे प्रसिद्ध केले त्यानुसार लाइव्हजर्नलच्या १० यंत्रांवर ३० गिगाबाइट लोकप्रिय माहिती मेमरीत होती आणि शंभरातल्या ९२ मागण्या तिथेच भागत होत्या.

९२ टक्के हा आकडा नीट पाहायला हवा. तो वाचला की ‘डेटाबेसवर फक्त ८ टक्के भार’ असा आनंद होतो आणि तो खराही आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की हा साठा नाहीसा झाला तर डेटाबेसवर एकदम साडेबारापट भार येईल. ९९ टक्के असेल तर शंभरपट. आणि ९९चे ९८ झाले, तर कुठल्याही आलेखात तो बदल नजरेतही भरणार नाही, पण डेटाबेसचं काम दुप्पट झालेलं असेल. म्हणून किती मागण्या मेमरीत भागल्या यापेक्षा किती भागल्या नाहीत, यावर नजर ठेवावी. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: ज्या साठ्याविना डेटाबेस पाच मिनिटंही तग धरू शकत नाही, त्याला ‘तात्पुरता साठा’ समजणं बंद करावं. तो आता व्यवस्थेचा गाभा झालेला असतो, आणि डेटाबेसइतकीच त्याची काळजी घ्यायला हवी.

ग्रे यांच्या हिशेबात ‘किती वेळाने पुन्हा लागेल’ एवढाच प्रश्न होता. वेबवर त्याला दुसरा प्रश्न जोडावा लागतो: ती माहिती किती वेळात शिळी होते, आणि शिळी दिली तर काय बिघडतं? महाराष्ट्राच्या ओळखीच्या दोन गर्द्या याचं चांगलं उदाहरण आहेत.

पहिली दहावीच्या निकालाची. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दर वर्षी साधारण पंधरा-सोळा लाख मुलं बसतात. निकालाची वेळ झाली की ती मुलं, त्यांचे पालक, मामा, आत्या, शिकवणीचे सर असे सगळे एकाच मिनिटाला तुटून पडतात. गर्दी प्रचंड, पण माहिती बघा. एका मुलाच्या गुणपत्रिकेला एक किलोबाइट धरला तर सोळा लाख मुलांचा निकाल १.६ गिगाबाइट होतो. साध्या मोबाइलच्या मेमरीत मावेल एवढा! आणि जाहीर झाल्यावर त्या दुपारी तो बदलत नाही. अशा माहितीसाठी प्रत्येक विचारणेला डेटाबेसपर्यंत जाण्याचं काहीच कारण नाही. बैठक क्रमांकानुसार आधीच मांडून, मेमरीत ठेवून, हव्या तितक्या यंत्रांवर त्याच्या प्रती कराव्यात. कुठलीही प्रत खरीच असते.

दुसरी गर्दी रेल्वेच्या तत्काळ तिकिटाची. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला, शयनयानासाठी अकराला. इथे माणसं निकालाइतकी नसतीलही, पण माहिती सेकंदासेकंदाला बदलते. एक जागा एकालाच मिळायला हवी. मेमरीतली पाच सेकंदांपूर्वीची प्रत ‘१२ जागा शिल्लक’ म्हणत असेल आणि प्रत्यक्षात एकही नसेल, तर पैसे भरायला गेलेल्या माणसाची फसगत होते. तरीही इथेसुद्धा सगळं डेटाबेसवर टाकायची गरज नसते. गाड्यांची वेळापत्रकं, स्थानकांची नावं, भाड्याचे दर मेमरीत ठेवता येतात. शिल्लक जागांचा आकडा काही सेकंद जुना चालतो, कारण तो पाहणाऱ्यांतले पुष्कळ जण नुसतेच पाहत असतात. जागा देण्याचा क्षण तेवढा मूळ नोंदीवरच घडला पाहिजे. २०१४ साली रेल्वेची तिकीट-वेबसाइट नव्याने उभी राहिली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेण्यात आली, आणि त्या व्यवस्थेत माहिती मेमरीत वाटून ठेवणारं जेमफायर हे सॉफ्टवेअर होतं. निव्वळ मेमरी वाढवून हे होत नाही. कोणती माहिती किती जुनी चालेल याची वर्गवारी आधी करावी लागते, आणि ती करायला प्रोग्रॅमरइतकाच आरक्षणाच्या खिडकीमागचा माणूस लागतो.

शिळेपणावरचा नेहमीचा उपाय म्हणजे मुदत. ही नोंद साठ सेकंद ठेवा, मग टाकून द्या. पण मुदत संपण्याच्या क्षणी एक घात होतो. फार लोकप्रिय नोंदीची मुदत संपली, त्याच क्षणाला हजार विनंत्या आल्या, हजारांनाही साठ्यात ती सापडली नाही, आणि हजारही एकदम डेटाबेसकडे धावल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, उत्तर एकच. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावरचा उपाय सांगितला आहे. नोंद न सापडलेल्या पहिल्या विनंतीला साठा एक परवाना देतो: तू डेटाबेसकडे जाऊन नवी नोंद आण. बाकीच्यांना सांगतो, क्षणभर थांबून पुन्हा विचारा. एका नोंदीसाठी दहा सेकंदांत एकच परवाना. एवढ्याशा शिस्तीने, अशा गर्दीला बळी पडणाऱ्या नोंदींच्या बाबतीत डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७,००० क्वेऱ्यांवरून १,३०० वर आला. त्याच निबंधात असंही आहे, की त्यांचं एक लोकप्रिय पान बांधायला सरासरी ५२१ वेगवेगळे घटक साठ्यातून उचलावे लागत. लाइव्हजर्नलच्या सुट्या घटकांची कल्पना किती लांबवर गेली, ते यावरून कळतं.

डेटाबेसवर अशी एकदम धाव किती महागात पडते, हे फेसबुकने त्याआधीच अनुभवलं होतं. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं. कंपनीने त्याच दिवशी कारण जाहीर केलं. साठ्यातली एखादी कॉन्फिगरेशनची किंमत (व्हॅल्यू) चुकीची दिसली तर ती काढून मूळ डेटाबेसमधून बरोबर किंमत आणणारी एक स्वयंचलित तपासणी त्यांनी बसवली होती. साठाच चुकला असेल तर ही व्यवस्था उत्तम. त्या दिवशी मात्र मूळ डेटाबेसमधलीच किंमत बदलली गेली आणि ती तपासणीला चुकीची वाटली. प्रत्येक यंत्राने दुरुस्तीसाठी डेटाबेसकडे धाव घेतली, सेकंदाला लाखो क्वेऱ्या झाल्या. पुढचा भाग जास्त भयंकर आहे. भाराखाली डेटाबेसकडून उत्तराऐवजी त्रुटी आली की यंत्रं तीही ‘चुकीची किंमत’ समजत आणि साठ्यातली नोंद पुसून टाकत. म्हणजे डेटाबेस जितका दमला तितका साठा रिकामा होत गेला, आणि साठा रिकामा झाला तितका डेटाबेसवर भार वाढला. मूळ किंमत दुरुस्त केल्यावरही हे चक्र थांबेना. शेवटी साइटच बंद करून डेटाबेसला मोकळा श्वास घेऊ द्यावा लागला, आणि मग लोकांना हळूहळू आत घेतलं.

माझ्या मते साठ्याबद्दलचा सर्वांत उपयोगी नियम या घटनेत आहे: डेटाबेस उत्तर देऊ शकत नसेल, तेव्हा साठ्यातली जुनी नोंद पुसू नये. शिळी नोंद बहुतेक ठिकाणी चालते. मुदत संपलेली नोंदही लगेच फेकू नये. नवी हाती येईपर्यंत जुनीच द्यावी. आणि मुदती एकसारख्या ठेवू नयेत. सगळ्यांना नेमके साठ सेकंद दिले तर ज्या एकाच वेळी आल्या त्या एकाच वेळी जातील. कुणाला ५५, कुणाला ६७, अशा थोड्या विस्कटून द्याव्यात.

राहता राहिला रिकाम्या साठ्यानिशी सुरू होण्याचा प्रश्न. यंत्रं नव्याने चालू झाली की मेमरी कोरी असते आणि पहिली प्रत्येक मागणी डेटाबेसवर जाते. फेसबुकने यासाठी नव्या यंत्रसमूहाला डेटाबेसकडे न पाठवता शेजारच्या भरलेल्या यंत्रसमूहाकडे पाठवलं: तुझ्याकडे नसेल ते त्याच्या साठ्यातून घे. त्यामुळे जे भरायला काही दिवस लागत ते काही तासांत भरू लागलं. त्यातही एक फट होती. कुणी नोंद बदलली, नव्या समूहातली जुनी प्रत पुसली गेली, पण शेजाऱ्याकडची अजून पुसली जायची होती. त्या मधल्या क्षणात नवा समूह शेजाऱ्याकडून जुनीच प्रत पुन्हा उचलून आणू शकत होता. म्हणून नव्या समूहात पुसलेली नोंद दोन सेकंद परत भरूच द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या दोन सेकंदांत कुणी ती नोंद शेजाऱ्याकडून आणून भरायला गेलं आणि भरणं नाकारलं गेलं, तर डेटाबेसमध्ये अधिक ताजी प्रत आहे हे कळतं, आणि तेवढी एक मागणी डेटाबेसकडे जाते.